गिलादाच्या डोंगरावरील हिशेब

शास्त्रपाठ : उत्पत्ती, अध्याय ३१, वचने १७ ते ५५



परीक्षा आटोपून नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याचा समय आला, म्हणजे आपल्या गावोगावच्या मंडळ्यांत एक विषय हटकून निघतो, आणि तो म्हणजे शहरातील खोलीचा. दर्यापूर, अंजनगाव, धारणी ह्या बाजूची मुले अमरावतीस, आणि बाळापूर, तेल्हारा, मूर्तिजापूर ह्या बाजूची मुले अकोल्यास खोली करून राहतात. कोणी शिक्षणासाठी, कोणी नोकरीसाठी, तर कोणी घरातील आजारी माणसाच्या औषधोपचारासाठी शहरात किरायाने घर घेतात. घर घेताना उभयपक्षी गोड बोलणी होतात. घर सोडताना मात्र तीच तोंडे कडू होतात, आणि घर सोडून वर्ष लोटले तरी तो कडूपणा जात नाही.

एक उदाहरण कल्पून पाहू. एका शेतकऱ्याच्या मुलाने महिना ३,००० रुपये किरायाने खोली घेतली आणि ९,००० रुपये अनामत ठेवली. दोन वर्षांनी त्याने खोली सोडली. घरमालक म्हणाले, रंगाचे ४,००० झाले, तोटी बदलावी लागली, विजेचे बिल अजून यावयाचे आहे. उरेल ते पुढच्या महिन्यात घेऊन जा. पुढचा महिना आला आणि गेला. इकडे बापाने त्याच पैशावर पेरणीच्या बियाण्याचा विचार केला होता. उलट बाजूही तितकीच खरी आहे. एखादी विधवा बाई दोन खोल्यांच्या किरायावर आपला चरितार्थ चालविते, आणि तिचा भाडेकरू तीन महिन्यांचा किराया व विजेचे बिल थकवून एका रात्री सामान उचलून निघून जातो. तिने कोणाकडे पाहावे? तेव्हा रक्कम लहान आहे म्हणून गोष्ट लहान आहे, असे कोणी म्हणू नये. ज्याच्या घरातून ती रक्कम गेली त्याला तिचे वजन ठाऊक असते.

असल्या व्यवहाराशी देवाच्या वचनाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध पुष्कळ आहे. पवित्र शास्त्रात भाड्याच्या घराला कमीपणा नाही. प्रेषित पौल रोम शहरी पूर्ण दोन वर्षे आपण स्वतः भाड्याने घेतलेल्या घरात राहिला व तेथेच येणाऱ्याजाणाऱ्यांचे स्वागत करीत असे, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटी सांगितले आहे. आणि निघून गेलेला मनुष्य व मागे राहिलेला मालक ह्यांचा तंटा कसा उभा राहतो व कसा मिटतो, हे तर आजच्या पाठात साद्यंत वर्णिलेले आहे. याकोब लाबानाकडे वीस वर्षे राहिला. तो घराचा भाडेकरू नव्हता हे खरे. परंतु दुसऱ्याच्या जागेवर, दुसऱ्याच्या मालमत्तेत, ठरलेल्या बोलीवर तो राहिला, आणि निघण्याची वेळ आली तेव्हा माझे किती व तुझे किती हाच प्रश्न दोघांच्या मध्ये उभा राहिला. म्हणून ह्या पाठाच्या प्रकाशात आपण आपला विषय पाहू.

पहिली गोष्ट ही की, याकोब न सांगता निघाला. लाबान मेंढरे कातरावयास गेला असता त्याने सर्व आवरले व नदी ओलांडली. तिसऱ्या दिवशी लाबानाला वर्तमान कळले, आणि सात दिवसांची मजल मारून त्याने याकोबाला गिलादाच्या डोंगरात गाठले. याकोबाला भय होते, आणि ते भय अकारण नव्हते. लाबानाने त्याचे वेतन दहा वेळा बदलले होते. तरीही न सांगता जाण्याने न्याय्य बाजूच्या मनुष्यावर चोराचा डाग आला. आमचे तरुण वाचक ह्यापासून बोध घेवोत. खोली सोडावयाची झाली तर करारात असेल तितक्या मुदतीची सूचना लेखी द्यावी. मालकाला बरोबर घेऊन खोली दाखवावी, मीटरचा आकडा लिहून घ्यावा, भिंती, खिडक्या व नळ ह्यांची छायाचित्रे काढावी, आणि किल्ली हाती देताना ती मिळाल्याबद्दल दोन ओळी लिहून घ्याव्या. दिवसाढवळ्या निघणाऱ्याच्या पाठीमागे कोणी सात दिवस धावत येत नाही. करारात ठरलेली मुदत संपल्यावरही जागा अडवून बसणे हे तर उघड अन्याय्य होय. परवान्याने दिलेल्या जागेच्या बाबतीत मुदत संपूनही ती न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ह्यात सांगितले आहे.

दुसरी गोष्ट. लाबानाने आपल्या गृहदेवता चोरीस गेल्याचा आरोप केला तेव्हा याकोबाने मोठ्या आवेशाने झडती घेण्यास सांगितले. त्याचे हात शुद्ध होते. परंतु राहेलीने त्या मूर्ती घेऊन उंटाच्या खोगिरात लपविल्या होत्या, आणि तिच्या पतीला ते ठाऊकही नव्हते. केवढी विचार करण्याजोगी ही गोष्ट! आपण पूर्ण निर्दोष आहो अशा खात्रीने मनुष्य ओरडत असतो, आणि ज्या वस्तूवरून तंटा आहे ती त्याच्याच तंबूत असते. म्हणून मालकाच्या दाराशी जाण्यापूर्वी भाडेकरूने आपल्या घरच्यांना विचारावे: खिडकीची काच कोणी फोडली? मालकाचा पंखा आपल्या सामानात तर आला नाही ना? शेवटच्या महिन्याचा किराया खरोखर पोहोचला काय? आणि मालकानेही आपल्या घरच्यांना विचारावे: ती रक्कम आपल्या मुलाने रोख घेतली व आपल्याला सांगितली नाही, असे तर झाले नाही ना? आधी आपला तंबू झाडावा, मग दुसऱ्याचा.

तिसरी गोष्ट झिजेविषयी आहे, आणि बहुतेक भांडणे येथेच होतात. याकोबाची लाबानाविरुद्ध मुख्य तक्रार ही की, रानटी पशूंनी फाडलेल्या जनावराचे नुकसान त्याला स्वतः सोसावे लागे. दिवसा चोरीस गेले वा रात्री गेले तरी लाबान त्याच्याकडूनच भरून मागे. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात देवाने ह्या प्रश्नाचा निकाल लावलेला आहे. निर्गमाच्या २२व्या अध्यायात, वचने १० ते १५ ह्यांत, असे ठरविले आहे की, सांभाळावयास घेतलेले जनावर श्वापदाने फाडले असेल तर सांभाळणाऱ्याने ते भरून देऊ नये. आणि एखादी वस्तू भाड्याने घेतलेली असेल तर तिचे नुकसान भाड्यातच आले असे समजावे. बंधूंनो, ह्या वचनाचा भावार्थ ध्यानात घ्या. ज्याने वस्तू भाड्याने दिली त्याने तिच्या झिजेची किंमत दर महिन्याला घेतलेलीच आहे. तीच किंमत शेवटी अनामतीतून पुन्हा घेणे म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे घेणे होय.

आपल्या देशाचा कायदाही ह्याच मार्गाने चालतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ ह्याच्या १०८व्या कलमात असे आहे की, भाडेकरूने जागा जशी मिळाली तशीच परत करावी, परंतु वाजवी वापराने होणारी झीज व मनुष्याच्या आवाक्याबाहेरील कारणांनी झालेला बदल ह्यांचा दोष त्याच्यावर नाही. वऱ्हाडच्या उन्हाळ्याने भिंतीचा रंग उडाला, पावसाळ्यात ओल चढली, दोन वर्षांच्या वापराने तोटीचा वायसर झिजला, ही झीज होय. परंतु भिंतीत खिळे ठोकून गिलावा पाडला, दाराची कडी मोडली, फरशीवर लाकडे फोडली, हे नुकसान होय, आणि ते भाडेकरूने न मागता भरून द्यावे. जक्कयाने प्रभूला घरी घेतले तेव्हा ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांचे चौपट परत देण्याचे त्याने आपण होऊन कबूल केले. आपण निदान एकपट तरी आपण होऊन द्यावे.

चौथी गोष्ट हिशेबाची. ह्याविषयी आपल्या वऱ्हाडालाच एक मोठा धडा मिळालेला आहे; कारण हा सबंध प्रांतच एके काळी तारण म्हणून दिला गेला व मागून भाड्याने गेला. निजामाच्या राज्यातील कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या हाती सोपविण्यात आला. त्या वेळी अट अशी होती की, खर्च वजा जाता जी शिल्लक राहील ती हिशेबासह निजामाला द्यावी. १८६० साली नवा तह झाला. त्यात निजामाचे कर्ज माफ झाले व काही मुलूख परत मिळाला. परंतु शिल्लक देऊ, हिशेब मात्र मागू नये, असे ठरले. वाचकहो, घरमालकाचे ते ‘उरेल ते देऊ’ आपण वर ऐकले ना? शब्द निराळे, रीत तीच. पुढे हैदराबादचे दिवाण सर सालारजंग ह्यांनी वऱ्हाड परत मिळावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली, पण व्यर्थ. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपये भाड्याने वऱ्हाड कायमचा पट्ट्याने देण्यात आला. एवढ्याने तरी प्रश्न मिटला काय? नाही. १९२३ साली निजामाने पुन्हा मागणी केली आणि १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग ह्यांनी ती साफ नाकारली. मोठमोठे दिवाण व व्हाइसरॉय ज्यात गुंतले तो तंटा पाऊण शतक जिवंत राहिला. त्याची कारणे अनेक होती, परंतु हिशेबाचे दार बंद झाल्याने संशय वाढतच गेला ह्यात शंका नाही. प्रांताचे जे झाले तेच खोलीचे होते.

म्हणून हिशेब लेखी असावा. यरुशलेमेस वेढा पडला असता व आपण स्वतः कैदेत असता यिर्मयाने अनाथोथ येथील शेत विकत घेतले, तेव्हा त्याने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि मोहर केलेले व उघडे अशी दोन्ही खते मातीच्या मडक्यात जपून ठेवविली. हनामेल त्याचा सख्खा चुलतभाऊ होता. तरी आपल्यातल्या आपल्यात कशाला कागद, असे संदेष्टा म्हणाला नाही. आपल्या राज्याचा १९९९चा भाडे अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे भाडेकरार लेखी असून त्याची नोंदणी झाली पाहिजे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तसा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मिळालेल्या पैशाची लेखी पावती देणे हेही मालकावर बंधनकारक आहे. तेव्हा मंडळीतील घरमालकांनो, करारात अनामतीचा आकडा, ती परत करावयाची मुदत, व कोणत्या कारणांसाठी कापावयाची ते स्पष्ट लिहा. केंद्र सरकारने २०२१ साली एक नमुना कायदा प्रसिद्ध केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, आणि जागा ताब्यात घेताना वाजवी कपात करून ती परत द्यावी, असे आहे. हा नमुना राज्याने आपलासा केल्यावाचून बंधनकारक होत नाही. तथापि चांगली गोष्ट करावयास कोणी बंधन घालण्याची वाट का पाहावी? अनामत ही मालकाची मिळकत नव्हे. ती ठेव आहे, आणि ठेवीविषयी देव फार काटेकोर आहे. गरिबाचे पांघरूण तारण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे, अशी त्याची आज्ञा आहे. अनुवादाच्या २४व्या अध्यायात तर सावकाराने तारण आणावयास ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेरच उभे राहावे, असेही सांगितले आहे. मग किराया थकला म्हणून भाडेकरूच्या खोलीला कुलूप ठोकणे, त्याची पुस्तके व गादी अडकवून ठेवणे, नळ वा वीज तोडणे, हे कोणत्या शास्त्रात बसेल? वीजपाणी तोडण्यास कायद्याचीही मनाई आहे.

पाचवी गोष्ट, तंटा उभा राहिलाच तर काय करावे? याकोबाने लाबानाला सुचविले की, जे काही सापडले असेल ते माझ्या भाऊबंदांपुढे व तुझ्या भाऊबंदांपुढे ठेव आणि त्यांना आपल्या दोघांचा न्याय करू दे. केवळ माझ्या माणसांपुढे नव्हे, केवळ तुझ्या माणसांपुढेही नव्हे, दोन्हीकडच्यांपुढे. प्रभूनेही मत्तयाच्या १८व्या अध्यायात हाच क्रम घालून दिला आहे. आधी एकट्याने एकट्याकडे जावे. गावात बोभाटा करण्यापूर्वी, नातलगांना फोन करण्यापूर्वी, हिशेबाचा कागद घेऊन शांतपणे भेटावे. ऐकले नाही तर दोघे तिघे बरोबर घ्यावे, आणि त्यांत दुसऱ्या पक्षाला मान्य असा एक तरी असावा. त्यानेही न भागले तर किती रक्कम, कशाबद्दल व कोणत्या दिवसापर्यंत हवी हे सभ्य शब्दांत लिहून पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवावे. दोघेही एका मंडळीतील असतील तर वडीलमंडळापुढे जावे.

एवढे करूनही मार्ग न निघाला, किंवा दुसरा पक्ष मंडळीबाहेरचा असला, तर अमरावती व अकोला येथील जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७च्या अधिनियमाने स्थापिलेल्या ह्या व्यवस्थेत स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींचे लोक व अल्प उत्पन्नाची माणसे ह्यांना वकिलाची मदत फुकट मिळते. दावा दाखल करण्यापूर्वीही लोकअदालतीत तंटा नेता येतो. तेथे दोघांच्या संमतीने जो निवाडा होतो त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, आणि त्यावर अपील नाही. शेवटचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. अशा पैशाच्या मागणीला साधारणतः तीन वर्षांची मुदत असते, हे विसरू नये.

येथे कोणी म्हणेल, पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ६व्या अध्यायात बंधूने बंधूवर फिर्याद करण्याचा निषेध केला नाही काय? केला आहे, आणि तो आपण मनावर घेतलाच पाहिजे. परंतु तो संपूर्ण वाचावा. तंटा तसाच सोडून द्या, एवढेच सांगून पौल थांबत नाही. भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, असे तो विचारतो. अन्याय सोसणे बरे, असे तो सांगतो खरे. पण लागलीच पुढच्या वचनात, तुम्हीच अन्याय करता व तोही भावांवर, असे तो लुबाडणाऱ्याला सुनावतो. आज कित्येक ठिकाणी ह्या वचनाचा अर्धाच भाग वाचला जातो, आणि तोही दुबळ्याला. घरमालक मंडळीतील मोठी असामी असते, देणगीदार असतो. भाडेकरू मुलगा परगावचा असतो. मग त्या मुलाला सांगितले जाते, बाळा, तू क्षमा कर, विषय वाढवू नकोस. किंवा भाडेकरू वजनदार असतो आणि घरमालकीण एकटी विधवा असते. मग तिलाच सांगितले जाते, बाई, देवावर सोड. प्रियहो, ही क्षमा नव्हे. दुसऱ्याच्या खिशातून केलेले हे दान आहे. क्षमा ज्याची त्याने, आपल्या खुशीने व रक्कम जाणून द्यावयाची असते. ती त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार ना पाळकाला आहे ना वडिलांना. आधी हिशेब, मग क्षमा. किती येणे आहे हे एकदा उजेडात ठरले की, ते घ्यावे, अर्धे सोडावे की सगळेच सोडावे, हे ज्याचे येणे आहे त्याने देवापुढे ठरवावे. त्याने घेतले तर तो दोषी नाही. सोडले तर त्याचे प्रतिफळ देव देईल. स्वतः पौलानेही, न्याय मिळण्याचा दुसरा मार्ग राहिला नाही तेव्हा, कैसराजवळ दाद मागितली.

आता शेवट पाहा. हिशेब ऐकल्यावरही लाबान म्हणालाच की, ह्या मुली माझ्या, ही मुले माझी, हे कळप माझे, जे तुला दिसते ते सर्व माझे. घरमालकाच्या मनातील हा शब्द लवकर जात नाही. परंतु लेवीयाच्या २५व्या अध्यायात देव सर्वांनाच सांगतो की, भूमी माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ उपरे व पाहुणे आहा. ज्याच्या नावे सातबारा आहे तोही देवाचा भाडेकरूच, आणि एके दिवशी त्यालाही किल्ली परत द्यावयाची आहे. हे ज्याला उमगले त्याची मूठ सैल होते.

मग त्या दोघांनी दगडांची रास केली. लाबानाने तिला आपल्या भाषेत नाव दिले, याकोबाने आपल्या भाषेत गलेद म्हटले. अर्थ एकच, साक्षीची रास. वाईट हेतूने तू ही ओलांडून येऊ नये, मीही येऊ नये, असे ठरले. ते दोघे जिवलग झाले नाहीत. पुन्हा एका अंगणात राहिले नाहीत. एकमेकांवर त्यांचा पुरा विश्वासही बसला नसेल, म्हणूनच देवाला मध्ये साक्षी ठेवले. तरी त्याच डोंगरावर ते एकत्र जेवले, आणि पहाटे उठून लाबानाने मुलानातवंडांचे मुके घेतले, त्यांना आशीर्वाद दिला व तो आपल्या ठिकाणी परत गेला. जुन्या घरमालकाशी आपला समेट एवढा झाला तरी पुष्कळ आहे. हिशेब चुकता झाला, दोघांनी सही केली, ह्याउपर एकमेकांकडे काही येणे नाही असे लिहिले, ही आपली दगडांची रास. मग गांधी चौकात किंवा स्टेशनावर गाठ पडली तर तोंड फिरवून जावे लागत नाही. कसे काय, बरे आहे ना, इतके विचारता येते.

ज्या कोणाकडे आज कोणाची अनामत अडकलेली आहे, त्याने येत्या प्रभुवाराच्या आत हिशेबाचा कागद काढावा. ज्याच्याकडे किराया थकलेला आहे, त्याने निदान पहिला हप्ता घेऊन त्या दाराशी जावे. आणि ज्याचे येणे आहे त्याने मनातील कडू शब्द मागे ठेवून, हातात पावत्या घेऊन, एकट्याने एकट्याकडे जावे. दोन पक्षांच्या मध्ये साक्षी असलेला परमेश्वर त्या भेटीत तुमच्याबरोबर असो. आमेन.